नणंदेकडे चालले होते

गुडघ्याखालचं हाड फुटलं आहे, असं गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला सांगितलं, तेव्हा मी आधी शेजारच्या खाटेकडे बघितलं. त्या खाटेवर आमच्याच गावची अनुसया होती. डॉक्टर नुकतेच तिला हेच सांगून माझ्याकडे वळले होते.

त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "अम्मा, टिबियल प्लॅटो फ्रॅक्चर है. ऑपरेशन लगेगा." टिबियल प्लॅटो म्हणजे नडगीचं वरचं टोक. ते ताटलीसारखं सपाट असतं आणि त्याच्यावर गुडघा बसतो. माझी ताटली उजव्या पायाची फुटली, अनुसयाची डाव्या पायाची. बसमध्ये आम्ही एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसलो होतो, आणि समोरची सीट उखडून दोघींच्या पायांवर एकदमच आली होती.

मी डॉक्टरांना विचारलं, जास्त कोणाचं फुटलं, माझं का तिचं? डॉक्टर हसले. "दोनों का बराबर है, अम्मा."

मला ते पटलं नाही. त्या दिवसापासून पुढची सहा वर्षं मी तिचं आणि माझं मोजत राहिले. मी चौथी शिकलेली बाई आहे आणि लिहायची सवय नाही. पण बसच्या अपघातात ज्यांचे हातपाय मोडतात त्यांना माझी चूक कळावी, म्हणून लिहिते.

अपघात रोवण्याच्या, म्हणजे चिखलात धानाची रोपं लावायच्या दिवसांतला. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. आमचं गाव चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवतं. सकाळची खाजगी बस तिरोड्याकडून गोंदियाला निघाली होती आणि माणसं दारापर्यंत भरली होती. समोरून ट्रक आला, ड्रायव्हरनं बस कडेला घेतली, कडेची माती पावसानं सुटलेली होती. बस हळूच कलली आणि बांधीत आडवी झाली. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं वावर. चिखल होता म्हणून जीव कोणाचा गेला नाही, पण पाय, हात, बरगड्या मोडल्या.

आता मी त्या बसमध्ये काऊन होते ते सांगते, कारण सगळं तिथंच आहे.

आम्ही पोवार, शेतकरी जातीचे. वाटण्या होऊन आमच्या वाट्याला दोन एकर आले होते. आमचं रोवणं आठवड्यात आटपायचं. त्यानंतर घरात बसून भागत नव्हतं. पण जमिनीवाल्या घरच्या बाईनं दुसऱ्याच्या बांधीत मजुरीनं रोवायला जाणं आमच्या घरी कमीपणाचं होतं. म्हणून मी गावात सांगत असे की नागऱ्याला नणंदेकडे चालले. नणंद खरंच नागऱ्याला होती. पण मी बसायची अनुसयाच्या टोळीसोबत, आणि उतरायची नागऱ्याच्या पुढं, बिरसीकडं, जिथं मला कोणी ओळखत नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं. तो त्यावर बोलत नसे आणि आलेल्या पैशातून तेल-मीठ आणत असे.

अनुसया टोळीची मुकादमीण. ती बौद्ध, आमच्या गावच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. माझ्याच बांधीत ती मजुरीला यायची, तेव्हा तिच्या ओंजळीत मी वरून पाणी ओतत असे. हे लिहायला बरं वाटत नाही, पण होतं तसं लिहिते. बिरसीकडं मात्र मी तिच्या हाताखाली होते. रोवताना रोपांची मूठ घेऊन चिखलात लावत जायचं, आणि प्रत्येक बाईची आपली पात असते, एवढी पट्टी हिची, एवढी तिची. सगळ्या वाकून मागं मागं सरकतात. जी मागं पडते तिची थट्टा होते, पण तिची राहिलेली पात शेजारची बाई पुरी करून देते. माझी पात अनुसया पुरी करायची. त्याचाही मला राग यायचा.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले. अनुसयाला विचारलं, कुठं चालली होती? ती म्हणाली, रोवण्याला. टोळीतल्या बायांची नावं विचारली. तिनं सात नावं सांगितली. माझ्या खाटेकडे तिनं बघितलंसुद्धा नाही आणि माझं नाव घेतलं नाही.

मग माझी पाळी. नवरा उशाशी उभा होता. पोलिसांनी विचारलं, कुठं चालली होती?

"नणंदेकडे चालली होती," मी सांगितलं.

"काम काय करता?"

"काई नाई जी. घरीच राहते."

पोलिसांनी 'घरकाम' लिहिलं. नवऱ्यानं मान हलवली. सही करताना माझा हातही थांबला नाही. पाय मोडला होता, पण घरचं नाव राहिलं, असं वाटून मला समाधान होतं. तो जबाब मला पायापेक्षा महाग पडला.

तिथून आम्हाला नागपूरला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथंही खाटा शेजारीशेजारी मिळाल्या. आधी पायाला वजन बांधून ठेवलं, त्याला ट्रॅक्शन म्हणतात. सूज उतरेपर्यंत ऑपरेशन करत नाहीत. मी नऊ दिवस वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघत होते आणि कानानं शेजारचं ऐकत होते. तिच्याकडं रोज कोणी ना कोणी यायचं. त्यांच्या विहारातल्या बाया पाळी लावून येत होत्या, एक भाकरी आणायची, एक अंग पुसून द्यायची. तिचा नवरा केस विंचरून द्यायचा. माझ्याकडं नवरा चार दिवसांनी यायचा, स्टुलावर बसायचा आणि विचारायचा, घरी कधी सोडतात.

तिची मुलगी सुषमा तेव्हा मास्तरिणीचं शिक्षण घेत होती. ती प्रत्येक कागद मागून घ्यायची. डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची पावती, एक्स-रे, सगळं पिशवीत. मला वाटायचं, काय मोठं शिक्षण मिरवून राहिली. माझ्या पावत्या नवऱ्यानं खिशात घातल्या आणि शर्ट धुण्याला टाकला.

ऑपरेशन झालं. दोघींच्या हाडाला पट्टी आणि स्क्रू बसवले. तिला सहा स्क्रू, मला आठ. मला त्याचाही आनंद झाला, बघा, म्हटलं ना, माझंच जास्त फुटलं होतं. अनुसया पडल्या पडल्या म्हणाली, "घे, आठ घे. लोखंडाचा भाव वाढला का इकून टाकजो." शेजारच्या खाटांवरच्या बायका हसल्या. मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

त्या वॉर्डात एक माणूस फिरायचा. हातात फायली, गोड बोलणं. म्हणायचा, "क्लेम दिला दूंगा, बस यहाँ साइन कर दो." क्लेम म्हणजे नुकसानभरपाईचा दावा. कागद कोरे होते. सुषमानं त्याला विचारलं, वकिलाचं नाव काय, आणि वर काही लिहिलेलं नाही त्याच्यावर सही कशी करायची? तो अनुसयाच्या खाटेकडे परत आला नाही. माझ्या नवऱ्यानं मात्र तिथंच सही केली आणि मलाही करायला लावली. त्यानंतर तो माणूस आम्हाला कधी दिसला नाही. आम्ही तीन वर्षं समजून होतो की आपली केस चालू आहे.

घरी आल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली. म्हणजे जाम झालेला सांधा रोज थोडा थोडा वाकवायचा. आठवड्यातून एकदा गोंदियाला जावं लागे. तिथली मुलगी दोन पट्ट्यांचं माप गुडघ्याला लावून किती अंश वाकला ते सांगायची. अनुसयाचा नव्वदपर्यंत गेला. माझा ऐंशीवर अडला. मी दुखलं की थांबायची. ती दुखलं की डोळे मिटून मोठ्यानं शिव्या द्यायची आणि अजून वाकवायची. ती मुलगी मला म्हणाली, "अम्मा, उनसे सीखो." मला तिथंच काठी आपटावीशी वाटली.

डॉक्टरांनी शेवटी दोघींना एकच सांगितलं. चालता येईल, पण उकिडवं बसता येणार नाही आणि चिखलात वाकून उभं राहता येणार नाही. म्हणजे रोवणं संपलं. त्याच्यासोबत निंदणंही संपलं आणि मोहफुलं वेचणंही. हे ऐकून अनुसया बाहेरच्या बाकावर बसून रडली. मी रडले नाही. माझं काम कागदावर नव्हतंच, तर गेलं म्हणून रडायचं कशाला?

अपघाताला तीन वर्षं होत आली तेव्हा तिच्या केसचा निकाल लागला. मोटार अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळं न्यायाधिकरण असतं, तिथं बसच्या विमा कंपनीवर दावा चालतो. सगळ्या गावाला निकाल कळला. कोर्टानं म्हटलं होतं की दाखल्यात पायाचं अपंगत्व जेवढं लिहिलं आहे त्याच्यापेक्षा हिचं नुकसान मोठं आहे, कारण हिचं सगळं पोट वाकून करायच्या कामावर होतं. तिनं घरावर नवी कौलं घातली. बसायला एक उंच खुर्ची घेतली. आणि सुषमा नोकरीला लागली.

मी त्या कौलांकडं रोज बघत होते. भाजी जळायची आणि माझं लक्ष तिकडं असायचं. एकच बस, एकच बाक, एकच हाड. माझे तर स्क्रूही दोन जास्त. मग हिला का आणि मला का नाही?

हे असूयेनं झालं, शहाणपणानं नाही. मी काठी घेऊन गोंदियाच्या कोर्टात गेले आणि पट्टेवाल्याला विचारलं की माझी केस कुठं आहे. माझी केस कुठंच नव्हती. कोणी दाखलच केली नव्हती. त्यानंच मला विधी सेवेचं कार्यालय दाखवलं. तिथं बायांना फुकट वकील मिळतो, घरी जमीन असली तरी मिळतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तुम्ही आधी कळून घ्या.

मला वकीलबाई मिळाल्या. तरुण, चष्म्यावाल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दवाखान्यातून माझे जुने कागद पुन्हा काढले, अपंगत्वाचा दाखला मिळवला, पोलिसांकडून जबाबाची नक्कल आणली. ती वाचून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"इथं लिहिलंय घरकाम. नणंदेकडे चालले होते, असं लिहिलंय. खरं काय आहे?"

मी दार लोटलेलं आहे का ते बघितलं. मग सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, घरकामाचीही कोर्ट थोडी किंमत धरतं. पण तुम्ही मजुरीनं रोवत होता हे सिद्ध करायचं तर तुम्हाला कोर्टात उभं राहून जबाब खोटा होता हे कबूल करावं लागेल, आणि तुमच्या पातीशेजारी रोवणारी बाई साक्षीला आणावी लागेल. ती बाई कोण?

मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो बाजेवरून उठला.

"गावात तोंड दाखवाले जागा ठेवजो."

"तोंड तुमचं होय," मी म्हटलं, "पाय माया होय."

तो खुंटीवरचा शर्ट घेऊन बाहेर निघून गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. अनुसयाकडं जायचं, त्याचं वाटत होतं.

गेले. ती अंगणात त्या उंच खुर्चीवर बसून तांदूळ निवडत होती.

"का जी मालकीणबाई, रस्ता चुकली का?"

"नाई. तुयाकडेच आली."

तिनं आतून दुसरी खुर्ची मागवली. मी जमिनीवर बसू शकत नाही हे तिला सांगावं लागलं नाही. सुषमानं चहा आणून दिला. मी पहिल्यांदा त्या घरचं काही प्याले. चहा आमच्या घरच्यापेक्षा चांगला होता, त्यात आलं होतं.

मी सांगितलं, साक्ष पाहिजे.

तिचे हात सुपात थांबले. "तवा तुले लाज वाटली, तं मी झाकली. सात नावं घेतली, तुयं नाव गिळलं. आता तूच म्हणतेस, उघड. ते मलेच विचारतील ना, तवा काऊन नाई सांगितलं? माया निकालावर बोट ठेवतील."

ते खरं होतं. वकीलबाईंनीही सांगितलं होतं की कंपनीचा वकील तिलाच खोटारडी ठरवायला बघेल. मी काठी घेतली आणि उठायला लागले. उठायला मला वेळ लागतो.

ती म्हणाली, "बस. येतो म्हणून सांग तुया वकिलिणीले. पण मी आहे तसंच सांगीन. तुले गोड लागो का कडू."

मी विचारलं, काऊन येतेस? ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. "माया ओळीत होतीस ना. मागं पडलीस तं पात कोण पुरी करते?"

तारखा खूप पडल्या. कधी न्यायाधीश साहेब रजेवर, कधी कंपनीचा वकील आला नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात बाक कमी आणि आमचे दोन ताठ पाय रस्त्यात आडवे. येणारे जाणारे अडखळायचे. त्या दिवसांत आम्ही जेवढं बोललो तेवढं आधी वीस वर्षांत बोललो नव्हतो. ती डब्यात लाखोरीच्या डाळीचं काहीतरी आणायची आणि तेही माझ्यापेक्षा चांगलं करायची.

आधी मी उभी राहिले. मी सांगितलं की जबाब खोटा होता, मी मजुरीला जात होते, घरच्या लाजेपायी लपवलं. गावचे दोन जण दुसऱ्या कामासाठी कोर्टात आले होते, ते दारात उभे राहून ऐकत होते. मी त्यांच्याकडं बघूनच सांगितलं.

मग अनुसया. कंपनीच्या वकिलानं तिचा जुना जबाब उंच धरला. यात सात नावं आहेत, हिचं नाव नाही, मग तेव्हा खोटं बोललीस का आज खोटं बोलतेस?

अनुसया म्हणाली, "तवा नाव नाई घेतलं. पोलिसांनं हिच्याबद्दल विचारलंच नाई, आन् हिची लाज मी काऊन उघडी करू? आज शपथ घालून विचारून राहिले, तं सांगतो. हे बाई चार वर्सं माया टोळीत होती."

"तू हिच्या शेतात मजुरीला जायचीस. म्हणून हिच्या बाजूनं बोलतेस."

"बाजूनं कायले बोलू जी? हे बाई रोवण्यात काई हुशार नोयती. मूठ वाकडी लावे. रोज मागं पडे. मी हिच्यापेक्षा दीडपट रोवत होती. रोज हिची पात मी पुरी करून देत होती, म्हणून तं मले पक्कं आठवते."

कोर्टात लोक हसले. साहेबही खाली बघून लिहिताना हसले असावेत. माझे कान तापले. माझ्याच केसमध्ये, माझ्याच साक्षीदारानं, सगळ्यांसमोर, मी तिच्यापेक्षा कमी आहे असं सांगितलं. आणि ते खरं होतं. मी तिथं बसून तिच्या हातांवर जळत होते, जे हात आता रोवू शकत नव्हते.

निकाल पुढच्या वर्षी लागला. वकीलबाईंनी मला तो वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की साक्षीदार अर्जदाराची उगाच स्तुती करत नाही, तिचे दोषही सांगते, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. मला रोवणारी मजूर मानलं होतं. कागदावर पहिल्यांदा. पण कमी रोवणारी, म्हणून भरपाई अनुसयापेक्षा कमी.

मी वकीलबाईंना विचारलं, वर अपील करता येईल का? त्या म्हणाल्या, येईल, पण कशासाठी? मी घरी जाताना बसमध्ये विचार केला आणि सोडून दिलं. एवढी वाकडी मूठ वरच्या कोर्टात नेऊन दाखवायची नव्हती.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना माझं सांगणं एवढंच. कोऱ्या कागदावर सही करू नका. पावत्या शर्टात ठेवू नका. दुखलं तरी गुडघा वाकवा, पहिल्या महिन्यांत वाकला तेवढाच वाकतो. आणि पोलीस विचारतील काम काय करता, तर हाताचं काम सांगा, घराण्याचं सांगू नका. दवाखान्यातले डॉक्टर, ती फिजिओथेरपीची मुलगी, वकीलबाई यांचे उपकार आहेत. अनुसयाचे उपकार मी तिच्यासमोर मानलेले नाहीत. ती मानू देणार नाही, आणि मला ते जमणारही नाही.

आता माझी सून रोवण्याला मजुरीनं जाते. बस स्टॉपवर कोणी विचारलं की कुठं चालली, तर ती सांगते, रोवण्याला. ती सांगायला कचरली तर मी मागून सांगते. नवरा आता ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

रोवण्याच्या दिवसांत मी आणि अनुसया आमच्या बांधीच्या कडेला खुर्च्या टाकून बसतो. पाण्याचा तांब्या मध्ये असतो, जिला तहान लागेल ती उचलते. कोणाची मूठ सरळ, कोणाची वाकडी, कोण मागं पडली, यावर ती बोलत राहते. बोलता बोलता ती डावा पाय खुर्चीखाली घेते. माझा उजवा पाय समोर ताठ असतो. तिचा अजूनही दहा अंश जास्त वाकतो. मी दर वेळी बघते.